दूरचे घर, जवळचे घर आणि पेट्रोल: घराची जागा निवडताना प्रवासाचा खर्च कसा मोजावा

पुण्यात किंवा मुंबई महानगर प्रदेशात घर शोधणारे कुटुंब साधारणपणे चार आकडे कागदावर मांडते: घराची किंमत, कर्जाचा हप्ता, मुद्रांक शुल्क आणि सोसायटीचा मेंटेनन्स. शहरापासून पंधरा-वीस किलोमीटर बाहेर गेले की किंमत आणि हप्ता खाली येतात, त्याच पैशात एक खोली जास्त मिळते आणि निर्णय जणू आपोआप होऊन जातो. पाचवा आकडा, म्हणजे त्या घरातून कामावर, शाळेत, दवाखान्यात आणि बाजारात जाऊन परत येण्याचा खर्च, करारनाम्यात कुठेही छापलेला नसतो आणि बँकही कर्ज मंजूर करताना तो विचारत नाही. माझ्या मते हा घराचा दुसरा हप्ताच आहे. पहिला हप्ता वीस वर्षांनी संपतो आणि मागे मालमत्ता राहते. दुसरा संपत नाही, त्यातून मागे काही उरत नाही, आणि त्याचा दर उद्या काय असेल हे आपल्या हातात नसते. तो कसा काढावा, त्यावरून दूरच्या आणि जवळच्या घराची तुलना कशी करावी आणि ‘स्टेशनजवळ’ असे सांगितले जाणारे घर खरोखर किती जवळ आहे हे कसे तपासावे, ते या लेखात दिले आहे.

किलोमीटर कशावर चालतात, ते आधी पाहावे

दोन घरे कामाच्या ठिकाणापासून सारख्याच अंतरावर असली तरी त्यांचा प्रवासखर्च सारखा नसतो, कारण एकाचे अंतर रुळांवर कापले जाते आणि दुसऱ्याचे पेट्रोलवर. मुंबईचा विस्तार पहिल्या प्रकारचा आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १९२५ मध्ये विजेची लोकल आली आणि त्यानंतर डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर, वसई, विरार ही गावे स्टेशनांच्या भोवती वाढत गेली. त्यामुळे पेट्रोल कितीही वाढले तरी बदलापूरहून मुंबईला जाणाऱ्याचा मासिक पास त्या दिवशी महाग होत नाही. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेने प्रवासी भाडे वाढवले तेव्हाही उपनगरी गाड्या आणि मासिक पास त्यातून वगळले होते.

पुण्याचा विस्तार दुसऱ्या प्रकारचा आहे. रेल्वेची उपनगरी सेवा लोणावळ्याच्या बाजूला एकाच मार्गावर राहिली आणि बससेवा शहराच्या वाढीला पुरी पडली नाही, तेव्हा लोकांनी दुचाकी घेतली आणि दुचाकी जाईल तिथपर्यंत शहर पसरले. वाघोली, उंड्री, पिसोळी, धायरी, नऱ्हे, पुनावळे, ताथवडे, मोशी ही नावे पाहिली तरी हे लक्षात येते. महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली ती वस्ती तिथे आधीच पोहोचली होती म्हणून. स्वस्त दुचाकी आणि परवडणारे पेट्रोल या दोन गोष्टी गृहीत धरून या भागातील घरे बांधली आणि विकली गेली. पेट्रोल महागले की या घरांचा दुसरा हप्ता त्याच आठवड्यात वाढतो.

एकाच जागी दोन्ही प्रकार पाहायचे असतील तर नवी मुंबईतील उलवे पाहावे. १२ जानेवारी २०२४ या एकाच दिवशी या भागासाठी दोन मार्ग खुले झाले: अटल सेतू आणि खारकोपर ते उरण रेल्वे. सेतूमुळे उलव्याहून दक्षिण मुंबईला मोटारीने जाणे फार लवकरचे झाले, परंतु सुरुवातीला ठरलेला टोल एका बाजूला २५० रुपये आणि परतीसह ३७५ रुपये असा होता, म्हणजे महिन्याच्या २२ दिवसांना पेट्रोल सोडून ८,२५० रुपये. रेल्वेने बेलापूर किंवा नेरूळला गाडी बदलावी लागते आणि वेळ जास्त लागतो, पण पास काही शे रुपयांत निघतो. उलव्यात घर घेणाऱ्याने आपण या दोहोंपैकी कोणत्या मार्गाच्या भरवशावर घर घेत आहोत, हे स्वतःला स्पष्ट विचारावे. विक्रीच्या जाहिरातीत मात्र वेळ सेतूची आणि खर्च रेल्वेचा सांगितला जाण्याची शक्यता असते.

कुटुंबाच्या सगळ्या फेऱ्या लिहून काढाव्यात

हिशेबाची सुरुवात नोकरीच्या फेरीपासून होते, परंतु तिथे थांबू नये. घरातील प्रत्येक माणूस आठवड्यात कुठे, किती वेळा आणि कशाने जातो, हे एका कागदावर लिहावे: दोघांची कार्यालये, मुलांची शाळा आणि शिकवण्या, आईवडिलांच्या तपासण्या, भाजी आणि किराणा, शहरात राहणाऱ्या नातेवाइकांकडे जाणे. मग हीच यादी नव्या घराचा पत्ता धरून पुन्हा लिहावी. जुन्या घरातून पायी होणाऱ्या किती फेऱ्या नव्या घरातून वाहनाने कराव्या लागतील, हे या दुसऱ्या यादीतच दिसते. गावाबाहेरच्या मोठ्या संकुलात अनेकदा कोथिंबिरीच्या जुडीसाठीही स्कूटर काढावी लागते, आणि हा बारीक खर्च कोणीच धरत नाही.

कार्यालयात आठवड्यातून दोनच दिवस जावे लागते, म्हणून दूरचे घर परवडेल, असे अनेक जण मांडतात. घर वीस वर्षांसाठी घेतले जाते आणि कंपनीचे धोरण एका पत्राने बदलते. म्हणून हिशेब पूर्ण आठवड्याचाच करावा आणि घरून काम करण्याची सोय मिळाली तर ती बचत समजावी.

वाहनाचे माइलेज कंपनीच्या माहितीपत्रकातून घेऊ नये. टाकी पूर्ण भरावी, किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा, नेहमीसारखी गाडी चालवावी आणि पुन्हा टाकी भरताना किती लिटर लागले ते पाहावे. हे तीन-चार वेळा केले की गर्दीच्या रस्त्यावरचा खरा आकडा मिळतो. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि इथेनॉलच्या एका लिटरमधून पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा मिळते, त्यामुळे काही वर्षांपूर्वी टिपलेला आकडाही तसाच वापरू नये.

नमुन्याचा हिशेब

एक कुटुंब घेऊ. नवरा-बायको दोघेही नोकरी करतात आणि दूरचे घर दोघांच्याही कार्यालयांपासून २५ किलोमीटरवर आहे. महिन्याचे कामाचे दिवस २२, म्हणजे प्रत्येकाचे महिन्याला १,१०० किलोमीटर. पेट्रोलचा भाव सोयीसाठी लिटरला १०५ रुपये धरला आहे. वाचणाऱ्याने आपल्या पंपावरचा त्या दिवशीचा भाव घालावा.

एक जण मोटारीने जातो आणि वाहतुकीच्या कोंडीत मोटार लिटरला १४ किलोमीटर देते, तर इंधनाचा खर्च ८,२५० रुपये होतो. टायर, सर्व्हिसिंग, ऑइल, क्लच आणि ब्रेक यांची झीज यांसाठी मी किलोमीटरमागे किमान अडीच रुपये धरतो, म्हणजे आणखी २,७५० रुपये. मोटारीचे एकूण ११,००० रुपये झाले. दुसरी व्यक्ती स्कूटरने जाते आणि स्कूटर लिटरला ४४ किलोमीटर देते, तर २५ लिटर पेट्रोलचे २,६२५ रुपये आणि देखभालीसाठी किलोमीटरमागे एक रुपया धरून १,१०० रुपये, म्हणजे एकूण ३,७२५ रुपये. घराचा महिन्याचा प्रवासखर्च १४,७२५ रुपये. यात विमा, पार्किंग आणि मोटारीचे घटते मूल्य धरलेले नाही.

जवळचे घर मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे असे समजू. एका वेळचे तिकीट ३० रुपये धरले तर प्रत्येकाचे महिन्याला १,३२० रुपये आणि दोघांचे २,६४० रुपये होतात. आसपासच्या कामांसाठी ठेवलेल्या स्कूटरचे १,००० रुपये मिळवले की ३,६४० रुपये. दोन घरांमधला फरक महिन्याला ११,०८५ रुपये.

हा फरक कर्जाच्या भाषेत आणणे ही या सगळ्या पद्धतीतील सर्वांत उपयोगी पायरी आहे. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या एक लाखाच्या कर्जाचा हप्ता सुमारे ८६८ रुपये येतो. ११,०८५ ला ८६८ ने भागले की पावणेतेरा लाख येतात. याचा अर्थ असा की जवळचे घर पावणेतेरा लाखांनी महाग असले तरी या कुटुंबाच्या खिशातून दरमहा जाणारी रक्कम दोन्हीकडे सारखीच राहील, आणि जवळच्या घराच्या बाबतीत ती रक्कम स्वतःच्या घरात जमा होत जाईल. येथे एक सावधगिरी बाळगावी: बँक पगार पाहून कर्ज देते, पेट्रोल वाचणार आहे हे पाहून देत नाही, त्यामुळे एवढे वाढीव कर्ज मिळेलच असे नाही, आणि कर्जाचा व्याजदरही बदलता असतो.

प्रत्यक्षात किमतीतला फरक बहुधा पावणेतेरा लाखांहून जास्त निघतो. समजा तो वीस लाख आहे. मग उरलेले सव्वासात लाख आपण वेळेसाठी मोजत आहोत. त्यांचा हप्ता सुमारे ६,३०० रुपये. जवळच्या घरामुळे प्रत्येकाचा दिवसाला दीड तास वाचत असेल तर दोघांचे मिळून महिन्याला ६६ तास होतात, म्हणजे तासाला सुमारे ९५ रुपये. लहान मूल घरात असलेल्या आईवडिलांना ही किंमत जड वाटेल असे मला वाटत नाही. हाच फरक चाळीस लाख असेल तर मात्र तासाची किंमत ३५८ रुपयांपर्यंत जाते, आणि तेव्हा केवळ प्रवासाच्या जोरावर जवळचे घर विकत घेणे परवडते असे म्हणता येणार नाही. अशा वेळी जवळ भाड्याने राहणे हा मार्ग गांभीर्याने तपासावा, कारण आपल्या शहरांत घराचे भाडे त्याच घराच्या कर्जाच्या हप्त्यापेक्षा बरेच कमी असते. स्वतःचे घर झालेच पाहिजे हा आग्रह मी समजू शकतो. परंतु त्या आग्रहापोटी दररोज तीन तास रस्त्यावर घालवणारी कुटुंबे आसपास दिसतात, तेव्हा त्यांना हा हिशेब आधी कोणीतरी दाखवायला हवा होता, असे मनापासून वाटते.

घर आणि प्रवास यांचा खर्च एकत्र मोजण्याची ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत शिकागोच्या सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी या संस्थेने तिचा निर्देशांक तयार केला आहे, आणि त्यात घरावर उत्पन्नाच्या ३० टक्के आणि प्रवासावर १५ टक्के मिळून ४५ टक्क्यांच्या आत खर्च राहिला तर तो परिसर परवडणारा मानला जातो. आपल्या शहरांतील घरांच्या किमती पाहता ही मर्यादा पाळणे कठीण आहे, पण दोन्ही खर्चांची बेरीज करून ती उत्पन्नाशी ताडून पाहण्याची सवय मात्र जशीच्या तशी घेण्यासारखी आहे.

पेट्रोल दीडपट झाले तर

आजच्या भावावर केलेला हिशेब पुरेसा नाही. पेट्रोलचे दर २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि जून २०१७ पासून ते रोज बदलण्याची पद्धत आली. तरीही प्रत्यक्षात भाव महिनोन्महिने स्थिर राहतो आणि मग थोड्या दिवसांत झपाट्याने चढतो. नोव्हेंबर २०२१ पासून साडेचार महिने तो जागचा हलला नव्हता, आणि २२ मार्च २०२२ पासून अवघ्या सोळा दिवसांत लिटरमागे सुमारे दहा रुपयांनी वाढला. मुंबईत मे २०२० मध्ये सुमारे ७६ रुपये असलेले पेट्रोल एप्रिल २०२२ मध्ये १२० रुपयांच्या वर गेले होते, म्हणजे दोन वर्षांत दीडपटीहून अधिक. कच्चे तेल स्वस्त झाले की पंपावरचा भाव तितकाच उतरेल, अशीही आशा धरू नये. २०२० मध्ये कच्च्या तेलाचे भाव कोसळले तेव्हा केंद्राने उत्पादन शुल्क वाढवले. राज्याचा मूल्यवर्धित कर त्यावर असतोच.

म्हणून प्रत्येक हिशेब एकदा दीडपट भाव धरून पुन्हा करावा. वरच्या कुटुंबाचा केवळ इंधनाचा खर्च महिन्याला १०,८७५ रुपये आहे. भाव दीडपट झाला तर तो सुमारे ५,४४० रुपयांनी वाढेल, म्हणजे वर्षाला ६५,२५० रुपये. ही रक्कम महिन्याच्या शिलकीतून निघते का, हे पाहावे. निघत नसेल तर ते घर आजच्या भावालाच परवडते आहे असे समजावे, आणि भाव बदलल्यावर खर्च कमी करण्याची जागा कुठे आहे हे आधीच शोधून ठेवावे. येथेच रुळाचे महत्त्व कळते. ज्या घराजवळ लोकल, मेट्रो किंवा भरवशाची बस आहे, तिथल्या माणसाला पेट्रोल वाढल्यावर दुसऱ्या दिवसापासून प्रवासाची पद्धत बदलता येते. ज्या घराजवळ काहीच नाही, तिथल्या माणसाला ती वाढ भरावीच लागते.

सार्वजनिक वाहतुकीचे भाडे कधीच वाढत नाही, असा याचा अर्थ नाही. मे २०२५ मध्ये मुंबईत बेस्ट बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले आणि जूनमध्ये पुण्याच्या पीएमपी बससेवेनेही भाडे वाढवले. टक्केवारीत ही वाढ मोठी दिसते, परंतु मूळ रक्कम लहान असल्यामुळे महिन्याच्या हिशेबात तिचा धक्का पेट्रोलच्या धक्क्यापेक्षा बराच सौम्य राहतो.

सीएनजी आणि विजेच्या वाहनांबद्दल थोडक्यात. सीएनजीने किलोमीटरचा खर्च नक्की कमी होतो. तरीही राज्याने एप्रिल २०२२ मध्ये त्यावरचा कर १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणल्यानंतर त्याच वर्षी मुंबईत त्याचा भाव किलोला ८० रुपयांच्या वर गेला, हे लक्षात ठेवावे आणि पंपावरच्या रांगेत जाणारा वेळही मोजावा. विजेची स्कूटर दूर राहणाऱ्याचा रोजचा खर्च फारच खाली आणते आणि ज्यांनी दूर घर घेतलेलेच आहे त्यांनी तिचा विचार जरूर करावा. मात्र ती कोंडीतून सुटका करत नाही, आणि वाचलेले पैसे दाखवून आणखी दूरचे घर घेण्याचा मोह तिच्यामुळे वाढतो.

‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ कशी तपासावी

केंद्र सरकारच्या २०१७ च्या सार्वजनिक वाहतूककेंद्री विकास धोरणात स्थानकाचा प्रभावाचा परिसर ५०० ते ८०० मीटर धरला आहे, कारण साधारण माणूस रोज एवढेच अंतर चालतो. घर या मर्यादेत आहे का, हे नकाशावरच्या सरळ रेषेने मोजू नये. इमारतीच्या दारापासून फलाटापर्यंत स्वतः चालत जावे, आणि तेही कामाच्या दिवशी सकाळी साडेआठच्या सुमारास. पदपथ आहे का, महामार्ग किंवा रेल्वेरूळ ओलांडायला पूल आहे का, तिथे किती रेंगाळावे लागते, रात्री दहाला तो रस्ता एकट्या स्त्रीला किंवा शाळकरी मुलीला निर्धास्तपणे चालता येईल का, हे पाहावे. शक्य झाले तर जुलैतल्या एखाद्या भर पावसाच्या दिवशी पुन्हा जावे. गुडघाभर पाणी साचणारा रस्ता वर्षातले कित्येक दिवस रिक्षा करायला लावतो.

ही शेवटची रिक्षा हिशेबात फार मोठी ठरते. मुंबई महानगर प्रदेशात १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये आहे. घर ते स्टेशन दीड किलोमीटर असेल आणि दोन्ही वेळा रिक्षा लागत असेल, तर एका माणसाचे महिन्याला १,१४४ रुपये होतात. साठ किलोमीटरच्या लोकल प्रवासाचा दुसऱ्या वर्गाचा पास काही शे रुपयांत मिळतो आणि दीड किलोमीटरच्या रिक्षाला त्याहून जास्त पैसे जातात. शेअर रिक्षाने हा खर्च कमी होतो, पण तिची रांग संध्याकाळी किती लांब असते ते जाऊनच पाहावे लागते. स्टेशनपासून सातशे मीटरवरच्या जुन्या इमारतीतले घर आणि तीन किलोमीटरवरच्या नव्या संकुलातले घर यांची तुलना करताना हा खर्च धरल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

नंतर स्टेशन कसे आहे ते पाहावे. जलद गाडी तिथे थांबते का, गाडी तिथून सुटते का, की आधीच भरून येते, आणि गर्दीची वेळ टळल्यावर दोन गाड्यांमध्ये किती अंतर असते, हे तीन प्रश्न नियमित प्रवास करणाऱ्या दोन-चार जणांना विचारावेत. कल्याणच्या पुढे कर्जत आणि कसारा या दोन्ही बाजूंना गाड्या कमी होत जातात. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून जाते, पण लांब पल्ल्याच्या गाड्यांबरोबर त्याच रुळांवर चालत असल्याने फेऱ्या मोजक्याच आहेत. एक गाडी चुकली की दिवसाचे वेळापत्रक बिघडते. पुणे-लोणावळा लोकलचेही तसेच आहे: तळेगाव, आकुर्डी, चिंचवड येथे स्टेशनाजवळ घर असणे लाभाचे आहे, परंतु दुपारच्या वेळेत गाड्यांमध्ये मोठा खंड असतो, तेव्हा आपल्या कामाची पाळी त्यात बसते का हे वेळापत्रक घेऊनच ठरवावे.

गर्दीचा विचार पैशांच्या पलीकडचा आहे. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी धावत्या लोकलमधून पडून मृत्युमुखी पडले. गर्भवती, वयस्कर किंवा आजारी माणूस घरात असेल तर केवळ स्टेशन जवळ आहे म्हणून प्रवास सुकर होईल असे मानू नये, आणि पहिल्या वर्गाचा किंवा वातानुकूलित लोकलचा पास घ्यावा लागणार असेल तर त्याची रक्कम आधीच हिशेबात घालावी.

आणखी एक निकष मला फार महत्त्वाचा वाटतो. घर कार्यालयाजवळ असण्यापेक्षा चांगल्या मार्गाजवळ असणे अधिक टिकाऊ ठरते. नोकरी बदलते, कंपनी जागा बदलते, जोडीदाराची नोकरी शहराच्या दुसऱ्या टोकाला लागते. हिंजवडीत नोकरी आहे म्हणून तिथेच घर घेतले आणि दोन वर्षांनी खराडीला जावे लागले, तर सगळा हिशेब उलटतो. ठाणे, कुर्ला, दादर यांसारख्या जिथे मार्ग एकमेकांना मिळतात अशा स्टेशनांच्या, किंवा पुण्यात दोन्ही मेट्रो मार्ग जिथे मिळतात त्या दिवाणी न्यायालय स्थानकाकडे सहज जाता येणाऱ्या ठिकाणच्या घरातून नोकरीची अनेक ठिकाणे आवाक्यात राहतात.

अजून न आलेल्या मेट्रोचे पैसे किती द्यावेत

नियोजित स्थानकाचे नाव सांगून घराचा भाव वाढवला जातो. पुणे मेट्रोची पायाभरणी डिसेंबर २०१६ मध्ये झाली, पहिले टप्पे मार्च २०२२ मध्ये सुरू झाले आणि स्वारगेटपर्यंतचा मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झाले. २०२५ सालातही त्यावर प्रवासी सेवा सुरू झालेली नव्हती. मुंबईत दहिसर-अंधेरी भागातील २ अ आणि ७ या मार्गांची पायाभरणी २०१५ मध्ये झाली आणि ते पूर्ण लांबीचे २०२३ मध्ये सुरू झाले. भूमिपूजनापासून पहिल्या प्रवासापर्यंत सहा ते आठ वर्षे धरावीत, आणि तेवढी वर्षे पेट्रोलचा खर्च होणार आहे असे समजून हिशेब करावा. खांब उभे राहून स्थानकाचे बांधकाम दिसत असेल तर थोडा जास्त भाव देणे समजण्यासारखे आहे. केवळ नकाशावर रेघ असेल तर त्या रेघेसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये. इमारतीचा ताबा केव्हा मिळणार हे महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नोंदणीत पाहावे आणि तो दिनांक मेट्रोच्या अपेक्षित वेळेशेजारी ठेवून पाहावा. पुणे, मुंबई, ठाणे आणि नागपूर येथे एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार घेतला जातो. या शहरांच्या हद्दीतील दूरच्या घरालाही तो चुकत नाही, मग मेट्रो तिथे पोहोचो वा न पोहोचो.

घरापर्यंत येणारे डिझेल

आपण न जाळलेले इंधनही आपल्या बिलात येते. पुण्याच्या कडेच्या अनेक सोसायट्यांना नळाचे पाणी पुरत नाही आणि टँकर मागवावे लागतात. टँकर डिझेलवर चालतो, त्यामुळे इंधन महागले की मेंटेनन्सही वाढतो. घर पाहायला गेल्यावर सोसायटीच्या सचिवांकडून मागच्या एप्रिल-मे महिन्यांतील टँकरची बिले पाहायला मागावीत. बिल्डरच्या विक्री कार्यालयात मिळणाऱ्या उत्तरापेक्षा ती जास्त बोलकी असतात. शाळेच्या बसचे शुल्क, वीज गेल्यावर चालणाऱ्या जनरेटरचा खर्च आणि घरकामाला येणाऱ्या ताईंना लांबून येण्यासाठी द्यावे लागणारे भाडे, हे सगळे अंतराबरोबर वाढते.

ज्यांनी दूर घर घेतलेलेच आहे त्यांच्यासाठी

घर विकून जवळ येणे सर्वांना शक्य नसते. अशा वेळी आधी सगळ्यात महाग फेरी कोणती ते वरच्या कागदावरून शोधावे. बहुतेक घरांत एकट्याने मोटारीतून केलेली कार्यालयाची फेरी सगळ्यात महाग निघते. त्याच दिशेने जाणारे तीन जण संकुलात मिळाले तर त्या फेरीचा खर्च चौथ्या हिश्शावर येतो. पूर्ण अंतर वाहनाने जाण्याऐवजी सर्वांत जवळच्या मेट्रो किंवा लोकल स्थानकापर्यंतच दुचाकी न्यावी, पण तिथे वाहनतळ आहे का आणि तो सकाळी किती वाजता भरतो हे आधी पाहून यावे. मुलांची शाळा आणि नोकरी शहराच्या एकाच बाजूला असतील, तर दूरचे घर भाड्याने देऊन त्या बाजूला भाड्याने राहण्याचा हिशेबही मांडून पाहावा. दोन भाड्यांमधला फरक आणि वाचलेला प्रवासखर्च यांची तुलना केल्यावर निर्णय सोपा होतो.

बसची मागणी एकेका कुटुंबाने करून फारसे काही होत नाही. आसपासच्या सोसायट्यांनी ती एकत्र करावी. अर्जात किती कुटुंबांना, सकाळी किती वाजता आणि कोणत्या ठिकाणी जायचे आहे याचा तक्ता जोडावा, सध्याचा जवळचा थांबा किती मीटरवर आहे ते लिहावे, आणि नवा मार्ग मागण्याऐवजी आधी सध्याच्या मार्गाची बस संकुलाच्या चौकापर्यंत वाढवून मागावी. त्यासाठी नव्या मार्गाइतक्या जादा गाड्या लागत नाहीत. बस वळवायला तिथे जागा आहे का, याचा आराखडा आणि छायाचित्र सोबत द्यावे.